धुरपताचं पार्सल

श्यामलाल जेवत नव्हता असं मुळीच नाही. दोन्ही वेळा ताटावर बसायचा, भात कालवायचा, घास तोंडात घालायचा, संपलं की उठायचा. फक्त मध्येच थांबून समोरच्याला विचारायचा, "मीठ बरोबर हाय का रे?" समोरचा हो म्हणाला की मान डोलवून पुढचा घास. गेल्या पोळ्यानंतर त्याची बायको धुरपता तापानं गेली, तेव्हापासून त्याच्या तोंडाची चवही गेली होती. साकोलीच्या डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरी मारून पाहिली आणि काही नाही म्हणाले.

मला त्याचा संताप यायचा. बायको गेल्यावर माणूस रडतो, देवाला शिव्या घालतो, दारूला लागतो, काहीतरी करतो. हा गडी शेतावर जायचा, बांध पाहायचा, घरी येऊन बिनचवीचं जेवायचा आणि खाटेवर पडायचा. तेरवीला सगळं गाव रडलं, मीही रडलो, आणि हा वाढप्यांना सांगत होता की तिकडच्या टोकाला वरण पोचलं नाही. मी नंतर विचारलं, "तुले काही होत नाई का बे?" तो जरा विचार करून म्हणाला, "मांडी घालून लय वेळ बसलं का पाय सुन्न होते ना, तसं हाय. दुखत नाई."

माझं सडक अर्जुनीत कृषी केंद्र आहे, खतं-बियाणं विकतो. श्यामलाल सौंदडचा, रेल्वेलाइनीच्या कडेला त्याची धानाची शेती. आमचा तिसरा छोटेलाल, कोहमाऱ्याचा. त्यानं आयुष्यभर ट्रक चालवला, आता स्वतःची बोलेरो भाड्यानं देतो. बोलताना तो मराठीत निघतो आणि हिंदीत पोचतो. फार वर्षांपूर्वी त्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून आम्ही दोघं तांदळाच्या पोत्यांसोबत राजनांदगावला गेलो होतो. जाताना खाल्लं, येताना खाल्लं, आणि तेव्हापासून दरवर्षी धान घरात आले की आमची ट्रिप ठरलेली. लोक देवाला जातात, धबधबे पाहतात. आम्ही हायवेनं खात खात राजनांदगावपर्यंत जायचो आणि खात खात परत यायचो. वाटेत डोंगरगडची देवी आहे, तिला आम्ही गाडीतूनच हात जोडायचो.

या खाण्याचा म्होरक्या श्यामलाल. कुठं थांबायचं ते तोच ठरवायचा. धाब्यावर उतरला की खाटेवर न बसता सरळ भट्टीजवळ जायचा, कढईत डोकवायचा आणि तिथूनच आम्हाला हात करायचा, या किंवा चला पुढे. खाताना बोलायचा नाही. आणि प्रत्येक ठिकाणी उठण्याआधी मालकाला सांगायचा, "एक बांधून दे." ते पार्सल धुरपतासाठी. आम्ही त्याची फार टर उडवायचो. छोटेलाल म्हणायचा, "भाभी को ही साथ लाया कर ना, पार्सल का झंझट ख़तम." श्यामलाल लाजायचा, पण बांधून घ्यायचाच.

पार्सल आणणारा नवरा म्हणून गावात त्याचं नाव होतं. त्याचा स्वतःचाही एक अभिमान होता, तो दर ट्रिपला एकदा तरी ऐकवायचा, "मी घरच्या जेवनाले कधी नाव ठेवलं नाई." ते खरंच होतं. मीठ कमी असलं तर हात लांबवून स्वतः घ्यायचा. त्याचं म्हणणं एवढंच, भात गरम पाहिजे. सकाळी शेतावर जायच्या आधी गरम, संध्याकाळी आल्यावर गरम, आणि चुलीवरचा. गॅस घरात होता, तो चहापुरता. "धान आपल्या हातचे, मंग भात थंडा कायले खाव?" म्हणायचा. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

धुरपता या ट्रिपच्या बाजूची होती. धानाची मळणी होऊन पोती घरात लागली की तिचा मला फोन, "भाऊजी, यंदा नाई जाऊन राहिले का तुमी?" आम्ही घ्यायला गेलो की नवऱ्याचा धुतलेला शर्ट, पाण्याची बाटली, सगळं दारात तयार. "निंगा लवकर, ऊन होते," म्हणायची. आणि गाडी सुरू झाल्यावर, "याची घाई नोका करू!" म्हणजे परत येण्याची. अशी बायको आम्हा दोघांच्या नशिबी नव्हती. आम्ही समजायचो, पार्सलची गोडी लागली बाईला.

यंदा दिवाळीनंतर ट्रिपचं नाव कुणी काढलं नाही. चैत्र संपत आला, मोहाची फुलं वेचून झाली, लग्नसराई सुरू झाली. एके दिवशी श्यामलाल माझ्या दुकानात येऊन खताच्या पोत्यावर बसला. मी गिऱ्हाइकं करत राहिलो.

"धर्मेंदर," तो म्हणाला, "धुरपतेले काय आवडत होतं?"

"मले कायले विचारतं? बायको तुही होती."

"मले मालूम नाई."

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांना जेवू घालतात. वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं असेल, ते त्या दिवशी जुन्या पितरांच्या पंगतीत बसतं. म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या आवडीचं ताट करायचं. गोवरीच्या निखाऱ्यावर त्यातला घास टाकायचा, की त्याला पोचलं. बाई नवऱ्याच्या आधी गेली असेल, तर तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बसवायची. हे ताट चुकलं तर नवं माणूस पंगतीच्या बाहेर उपाशी उभं राहतं, असं म्हातारे सांगतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण ताट माझ्या घरी करायचं असतं तर मीही चुकवलं नसतं.

"रीताले विचार," मी म्हणालो. रीता त्याची लेक, गोंदियाला दिलेली.

"विचारलं. ते म्हनते, आई सप्पाच खाये, काहीबी खाये. उरलं ते खाये." तो पोत्याची शिवण नखानं उसवत होता. "दहाव्याच्या दिवशीबी लोकायनं विचारलं होतं. मी वडे सांगतले. वडे मले आवडते."

मग त्यानं त्याच्या डोक्यात काय आहे ते सांगितलं. धुरपता बाहेरचं जे काही खायची ते त्यानं आणलेल्या पार्सलचंच. म्हणजे तिची आवड त्या रस्त्यावरच कुठंतरी असणार. आपण पुन्हा तिथं जाऊ, सगळीकडे खाऊ, खाताना आठवेल ती कशाला काय म्हणाली होती. "मले चव नाई समजत," तो म्हणाला, "म्हनून तुमी दोघं पायजे."

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दारात ना शर्ट होता ना बाटली. श्यामलाल कुलूप लावून गाडीत बसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

कोहमाऱ्याच्या फाट्यावर पहिला थांबा, आलूबोंडा आणि त्यावर तर्री. हा भट्टीजवळ गेलाच नाही. बाकड्यावर बसला, समोर आलेलं खाऊ लागला. तर्री अशी की छोटेलालच्या नाकातून पाणी गळायला लागलं.

"तिखट हाय का?" श्यामलालनं विचारलं.

"मेरे कान से धुआँ निकल रहा है और ये पूछता है तिखट हाय का!"

"धुरपता काय म्हने याले?" मी विचारलं.

श्यामलालनं घास हातात धरून आठवलं. "चांगलं हाय म्हने."

देवरीच्या धाब्यावर शेवभाजी आणि तंदुरी रोटी. ट्रकवाले खाटांवर आडवे झाले होते, कूलर गरम वारा फेकत होता. शेवभाजी पूर्वीसारखीच होती, लालभडक, वर बोटभर तेल. मी चवीनं खाल्ली, खोटं कशाला बोलू. मग त्याच्याकडे पाहिलं आणि घास गिळताना उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. तो रोटीचे सारखे तुकडे करून एकेक बुडवून खात होता, गुरांना चारा टाकावा तसा स्वतःला टाकत होता.

"याले काय म्हने?"

"चांगलं हाय."

"अना जलेबीले?" छत्तीसगडची सीमा ओलांडल्यावर चिचोल्याला पोहा-जिलेबी खायचो आम्ही, तिथं पोचायच्या आधी गाडीतच मी विचारून टाकलं. माझा पारा चढत चालला होता.

यावर त्यानं खूप विचार केला. "जलेबीले म्हनली होती, गोड हाय."

"जलेबी गोडच असते बे!" छोटेलाल स्टेअरिंगवर हात आपटून ओरडला. "जलेबी और कैसी होगी?"

एरवी आम्ही यावर राजनांदगावपर्यंत हसलो असतो. आता गाडीत फक्त एसीचा आवाज होता. श्यामलाल म्हणाला, "तेच तं. सप्पायले चांगलं हाय म्हने. मी कवा पुसलंच नाई का कोनतं जास्त चांगलं हाय." त्याच्या आवाजात काही नव्हतं. बियाण्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला वाईट वाटलं ते त्या आवाजाचं.

राजनांदगावला मुंगोड्या, म्हणजे मुगाच्या डाळीची भजी, खाल्ली. तिथला म्हातारा मालक ओळखीचा. त्यानं श्यामलालला पाहिल्याबरोबर न सांगता एक पार्सल बांधायला घेतलं आणि म्हणाला, "भौजी बर?" म्हणजे वहिनीसाठी ना? श्यामलालनं हो म्हटलं. त्या माणसाला कुणी काही सांगितलं नाही. परतताना मागच्या सीटवर चार पार्सलं होती आणि श्यामलाल त्यांच्यावर हात ठेवून झोपला होता.

उन्हं कलता कलता सौंदडला पोचलो. शेजारच्या अंगणात गीताबाई धानाचे बारदाने झटकत होती. आम्हाला पाहून तिनं पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली. हे रागानं नव्हे. गीताबाईचा नवरा गावनात्यानं श्यामलालचा धाकटा भाऊ लागतो. म्हणजे श्यामलाल तिचा भासरा. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई बोलत नाही, समोर येत नाही, त्याच्या सावलीला पाय लागू देत नाही. दोन्ही घरांच्या मध्ये कंबरभर भिंत. त्या भिंतीवरून धुरपता आणि गीताबाईचं वाटी-विरजण आयुष्यभर चाललं. पण श्यामलाल आणि गीताबाई यांच्यात एक शब्द झालेला नाही. काही सांगायचंच झालं तर ती त्याच्या देखत बकरीला सांगायची आणि तो ऐकून घ्यायचा. आता शहाण्या माणसाला वाटेल, जिनं धुरपताला रोज पाहिलं तिला विचारायचं सोडून हे तिघं दुसऱ्या राज्यात जाऊन आले. पण खरं सांगतो, आमच्यापैकी कुणाच्या ते मनातसुद्धा आलं नाही. भिंतीपलीकडे विचारायची सोयच नव्हती, आणि राजनांदगावला गाडी जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि छोटेलाल पुन्हा सौंदडला. रीता आदल्या रात्रीच गोंदियाहून आली होती. अंगण सारवलेलं, पाण्याची नवी घागर भरलेली, चुलीत लाकडं रचलेली. श्यामलालनं फ्रिजमधून चारही पार्सलं काढून ओट्यावर मांडली होती. शेवभाजीवरचं तेल गोठलं होतं, बोंडे आक्रसले होते, पोहे ओले झाले होते. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता.

"कोनतं टाकू?" त्यानं मला विचारलं. "धर्मेंदर, सांग ना. चुकलं तं ते उपाशी राहीन."

हे बोलताना पहिल्यांदा त्याचा आवाज जरा हलला.

मी "चारी टाक" म्हणणार होतो, तेवढ्यात सवाष्ण आली. रीतानं सवाष्ण म्हणून गीताबाईलाच सांगितलं होतं, दुसरं कोण सुचणार तिला. गीताबाई नवं लुगडं नेसून, पदर नाकापर्यंत ओढून आली आणि दाराच्या आड उभी राहिली. तिथून तिला ओटा दिसत होता. तिनं ती पार्सलं पाहिली, चुलीतली लाकडं पाहिली, आणि तिला काय झालं कोण जाणे. मी सडक अर्जुनीचा, माझ्याशी बोलायला तिला आडकाठी नव्हती. ती मला म्हणाली, पण इतक्या मोठ्यानं की अंगणभर ऐकू जावं,

"धर्मेंद्रभाऊ, त्यायले सांगा, ते पार्सल बाई खाये नाई. आमच्या पोराइले देये. थंडं होऊन येये, तेल वरतं आलेलं. तिले जमे नाई."

श्यामलालनं मान वर केली. तिच्याकडे पाहता येत नव्हतं, म्हणून माझ्याकडे पाहू लागला. "विचार, मंग काय खाये?"

मी विचारलं. म्हणजे नुसतं तिच्याकडे वळलो.

"तुमी ट्रिपले जात होते ना, त्या दिवशी बाई चूल पेटवे नाई," गीताबाई म्हणाली. "आमच्यात ते तिचा सन होता. गाडी गेली का भितीवरून मले हाक मारे, ये वं गीता, गेले. घमेल्यात मुरमुरे घ्यायची, कच्चा कांदा, हिरवी मिर्ची, जवसाचं तेल. या ओट्यावर पाय पसरून बसे. दोन टाइम तेच खाये. मी म्हनो, बाई, भात तरी टाक मुठभर. तं म्हने, आज मले कोनी भात नोको मांगू. लय हासे त्या दिवशी." मग हळू आवाजात म्हणाली, "धान आले का रोज मले पुसे, कवा जातीन वं हे?"

छोटेलाल चपलेकडे पाहत होता. माझ्या डोक्यात तिचे ते फोन वाजायला लागले, भाऊजी, यंदा नाई जाऊन राहिले का. आणि ते "याची घाई नोका करू." मला वाटलं, हे ऐकून श्यामलाल चिडेल, नाहीतर मोडून पडेल. मी असतो तर चिडलो असतो. बायको माझ्या जाण्याची वाट पाहत होती, हे कुणाला ऐकायचंय?

रीता चुलीजवळ काडेपेटी घेऊन तशीच बसली होती. श्यामलाल उठला, तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातून काडेपेटी काढून घेतली.

"राहू दे बाई. आज चूल नोको."

"अना भात, बाबा? पितराचं ताट..."

"आज तिले कोनी भात नोको मांगू."

छोटेलाल न सांगता बोलेरो काढून चौकात गेला आणि मुरमुरे घेऊन आला. गीताबाईनं भिंतीवरून मिरच्या, कांदे आणि तेलाची बाटली दिली. निखारेही तिच्याच घरचे, गोवरीच्या तुकड्यावर ठेवून रीतानं आणले. घमेल्यात सगळं एकत्र करताना श्यामलालचे हात चाचपडत होते. किती तेल, किती मीठ, त्याला काहीच माहीत नव्हतं. गीताबाई दाराआडून मला सांगत होती, मी त्याला सांगत होतो, आणि तो ऐकत होता.

पहिली मूठ त्यानं निखाऱ्यावर टाकली. मुरमुरे तडतडले, जवसाच्या तेलाचा वास सुटला. गीताबाईचं पान रीतानं आतल्या खोलीत मांडलं. चार पार्सलं बकरीनं फस्त केली.

मग श्यामलाल ओट्यावर बसला. मांडी घातली नाही, पाय लांब पसरले. मूठभर मुरमुरे तोंडात टाकले, मिरचीचा तुकडा चावला आणि चावता चावता थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. नाक पुसलं, पुन्हा मूठ घेतली.

"तिखट हाय रे," तो म्हणाला.

मी त्याच्या बाजूला बसलो.

"वर्षातून एकच दिवस गेलो मी, धर्मेंदर," तो म्हणाला. "अजून जायले पायजे होतं. दर महिन्याले जायले पायजे होतं."

आतून गीताबाईचा आवाज आला, "धर्मेंद्रभाऊ, मीठ बरोबर हाय का, विचारा त्यायले."

मी त्याच्याकडे वळलो. तो तोंडातला घास सावकाश चावत राहिला, गिळला, आणि मग म्हणाला, "कमी हाय म्हन जरासं."